राउटर लाखो मार्गांतून नेमका एक मार्ग इतक्या झटकन कसा शोधतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत. जागतिक राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं या यादीत, आज आयपीव्ही४ च्या (३२ बिटच्या इंटरनेट पत्त्यांच्या) दहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत. त्यांतली नेमकी एक नोंद राउटर प्रत्येक पॅकेटसाठी, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, काही नॅनोसेकंदांत काढतो, तो वेगवान मेमरीच्या जोरावर का? आणि लहान गावात इंटरनेट सेवा चालवणाऱ्याने महागड्या मेमरीचा राउटर घ्यावा, की साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर राउटर चालवला तरी भागेल?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं. मेमरीचा वेग यात दुय्यम आहे. गेल्या तीस वर्षांत डीरॅमची, म्हणजे संगणकातल्या नेहमीच्या मुख्य मेमरीची, क्षमता हजारो पटींनी वाढली, पण तिच्यातल्या कुठल्याही एका जागेवरची नोंद वाचायला लागणारा वेळ अजून ५० नॅनोसेकंदांच्या आसपासच रेंगाळतो आहे. वेग आला तो मेमरीला कमीत कमी वेळा हात लावण्याच्या युक्त्यांतून. या क्षेत्रातले जवळजवळ सगळे महत्त्वाचे शोध त्याच एका दिशेचे आहेत.

आधी हिशेब पाहू. इथरनेटवरचं सर्वांत लहान फ्रेम, म्हणजे पॅकेट तारेवरून नेणारं पाकीट, ६४ बाइटचं असतं. दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा आणि सुरुवातीचे इशाऱ्याचे बाइट धरले की तारेवर ते ८४ बाइट व्यापतं. १० गिगाबिटच्या पोर्टवर अशी फ्रेम सलग आली तर दर ६७.२ नॅनोसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून जास्त पॅकेट होतात. १०० गिगाबिटला तोच वेळ ६.७२ नॅनोसेकंदांवर येतो आणि ४०० गिगाबिटला १.६८ वर. म्हणजे १०० गिगाबिटच्या पोर्टसाठी डीरॅममधून एक नोंद वाचून होईपर्यंत पुढची सात पॅकेट दारात उभी असतात. चिपच्या पोटातली एसरॅम ही वेगवान मेमरी एक-दोन नॅनोसेकंदांत उत्तर देते, पण ती महाग आणि जागा खाणारी असल्यामुळे मोजकीच मिळते.

आता शोध घेणं मुळात अवघड का आहे ते बघा. १९९३ पर्यंत पत्त्यांचे ठरलेले वर्ग होते. पत्त्याचे पहिले काही बिट पाहिले की नेटवर्कचा भाग ८, १६ की २४ बिटचा हे कळायचं. मग तेवढाच तुकडा हॅश टेबलात, म्हणजे पूर्ण तुकडा दिला की त्याची नोंद थेट काढून देणाऱ्या यादीत, शोधला की झालं. पण पत्ते वाया जात होते आणि टेबल फुगत चाललं होतं. म्हणून सीआयडीआर पद्धत आली आणि नेटवर्कचा भाग कितीही बिटचा असू शकेल असं ठरलं. त्यामुळे एकाच पत्त्याला अनेक नोंदी लागू पडायला लागल्या, आणि त्यांतली सर्वांत लांब जुळणारी नोंद खरी धरायची असा नियम झाला. टपाल निवडणाऱ्याला सांगितलेलं असावं की महाराष्ट्राची सगळी पत्रं या थैलीत, मात्र कोल्हापूर जिल्ह्याची त्या थैलीत, आणि त्यातही इचलकरंजीची वेगळ्या थैलीत, तसा हा प्रकार. पत्रावर ‘महाराष्ट्र’ दिसलं म्हणून थांबता येत नाही. याहून नेमकी सूचना कुठे आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावंच लागतं. साधं हॅश टेबल इथे अडतं, कारण किती बिटचा तुकडा शोधायचा हेच आधी माहीत नसतं.

सरळ उपाय म्हणजे ट्राय नावाची झाडासारखी रचना. पत्त्याचा एकेक बिट वाचायचा, शून्य आला तर डावीकडे, एक आला तर उजवीकडे जायचं, आणि वाटेत भेटलेली शेवटची नोंद लक्षात ठेवायची. डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पॅट्रिशिया ही त्याची आटोपशीर आवृत्ती. बर्कलेच्या बीएसडी युनिक्समध्ये कीथ स्क्लोअर यांनी तीच कल्पना राउटिंगसाठी वापरली. पण वाईटात वाईट परिस्थितीत बिटागणिक एक वाचन म्हणजे ३२ वाचनं. डीरॅमवर ती १,६०० नॅनोसेकंद होतात, आणि वर १०० गिगाबिटला ६.७२ मिळतात असं आपण पाहिलं. ही तफावत दोनशे पटींहून मोठी आहे. मेमरी दुप्पट वेगवान आणली तरी ती भरून निघत नाही.

मधल्या काळात एक पळवाट फार लोकप्रिय होती: कॅशे. नुकतेच शोधलेले पत्ते छोट्या वेगवान टेबलात ठेवायचे आणि पुढचं पॅकेट तिथेच उरकायचं. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये हे छान चालतं. पण इंटरनेटच्या मध्यावर एका क्षणाला इतके वेगवेगळे पत्ते वाहत असतात की कॅशेत सापडण्याचं प्रमाण घसरतं. शिवाय कॅशेचा वेग समोरच्याच्या वागण्यावर अवलंबून राहतो. जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाचा संगणकी किडा (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला तेव्हा हे उघडं पडलं. चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त यंत्रं बाधित झाली आणि प्रत्येक बाधित यंत्र वाटेल त्या पत्त्यावर दार ठोठावत होतं. पत्ता दर वेळी नवा, म्हणजे कॅशे दर वेळी निकामी. ज्या राउटरांची सगळी भिस्त कॅशेवर होती, ते स्वतःच्या प्रोसेसरच्या ओझ्याखाली दबले. लिनक्सने तर आपला राउटिंग कॅशे २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत काढूनच टाकला आणि प्रत्येक पॅकेटसाठी पूर्ण टेबलात शोध घेणं पसंत केलं. तो निर्णय मला पूर्ण पटतो. नेटवर्कमध्ये सरासरी वेगाचं कौतुक करून चालत नाही. हल्ला होईल त्या दिवशीचा वेग मोजावा लागतो.

खरी उलथापालथ १९९७-९८ च्या सुमारास झाली. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांची मुळं या दोन वर्षांत आहेत.

स्वीडनमधल्या लुलिओ इथल्या डेगरमार्क, ब्रॉडनिक, कार्लसन आणि पिंक या संशोधकांनी १९९७ मध्ये विचारलं, की अख्खं टेबल प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशेत बसेल इतकं लहान करता येईल का? त्यांनी सुमारे ४०,००० नोंदींचं टेबल १५० ते १६० किलोबाइटमध्ये बसवलं. युक्ती अशी: पत्त्यांच्या शेजारशेजारच्या मोठमोठ्या पट्ट्यांना बहुधा एकच उत्तर असतं, मग ते पुन्हा पुन्हा कशाला लिहायचं? बिटांची एक रांग ठेवायची आणि उत्तर जिथे बदलतं तिथेच १ लिहायचा. आपल्या जागेपर्यंत किती १ आले ते मोजलं की उत्तरांच्या आटोपशीर यादीतला क्रमांक मिळतो. ‘१ मोजणे’ ही क्रिया प्रोसेसरला अगदी स्वस्त पडते, आणि तिच्या बदल्यात मेमरीची महाग वाचनं वाचतात. यात दुखणं एकच होतं, की एखादा मार्ग बदलला तर टेबलाचा मोठा भाग नव्याने बांधावा लागे. पुढे ईदरटन, वर्गीस आणि डिटिया यांच्या ट्री बिटमॅपने ते दुखणं घालवलं. प्रत्येक गाठीला दोन बिटमॅप (बिटांच्या रांगा), एक त्या गाठीतल्या नोंदींचा आणि एक पुढच्या फांद्यांचा. त्यामुळे बदल एका गाठीपुरता राहतो. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीआरएस-१ या भल्यामोठ्या राउटरमध्ये हीच रचना होती. २०१५ मध्ये असाई आणि ओहारा या जपानी संशोधकांनी पॉपट्राय मांडला, तोही याच घराण्यातला. आता १ मोजण्याची थेट आज्ञाच प्रोसेसरमध्ये असते, तिचा फायदा घेऊन साध्या सर्व्हरचा एक कोर सेकंदाला दहा कोटींहून जास्त शोध घेऊ शकतो.

दुसरी कल्पना त्याच १९९७ ची, आणि या सगळ्यांत मला सर्वांत देखणी वाटते ती हीच. वाल्डफोगल, वर्गीस, टर्नर आणि प्लाटनर या चौघांची. त्यांतले जॉर्ज वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी, १९८१ चे बीटेक. अडचण हीच होती की किती बिटचा तुकडा शोधायचा ते माहीत नाही. मग लांबीवरच द्विभाजन का करू नये? प्रत्येक लांबीचं एक हॅश टेबल ठेवा. आधी १६ बिटच्या टेबलात पाहा. सापडलं तर अजून लांब नोंद असू शकते, म्हणून २४ कडे जा. नाही सापडलं तर ८ कडे. आयपीव्ही४ च्या ३२ लांबींसाठी पाच पायऱ्या आणि आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीतल्या १२८ साठी सात.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात दोन खाचखळगे आहेत. समजा टेबलात १०.०.०.०/८ आणि १०.२०.३०.०/२४ एवढ्या दोनच नोंदी आहेत (तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे नेटवर्कचा भाग किती बिटचा ते). १६ बिटच्या टेबलात काहीच नाही, मग शोध लांबकडे वळणारच नाही आणि /२४ ची नोंद कधीच सापडणार नाही. म्हणून १०.२० अशी एक खूण १६ च्या टेबलात मुद्दाम ठेवावी लागते: ‘पुढे काहीतरी आहे, जाऊन बघ’ एवढंच सांगणारी. आता १०.२०.९९.५ हा पत्ता आला. खूण भेटली, शोध लांबकडे वळला, आणि तिकडे हाती काहीच लागलं नाही. आता मागे फिरून लहान लांबी तपासायची का? तसं करत बसलो तर पाच पायऱ्यांचं वचनच मोडतं. यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की खूण ठेवतानाच तिच्यासोबत त्या जागेचं सर्वोत्तम उत्तर आधी काढून लिहून ठेवायचं. इथे ते १०.०.०.०/८. पुढे काही मिळालं नाही तर ते उत्तर हातात तयारच असतं. शोधाच्या वेळचं काम टेबल बांधण्याच्या वेळेवर ढकललं की काय साधतं, हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण अजून मिळालेलं नाही.

तिसरी कल्पना १९९८ ची, स्टॅनफर्डच्या पंकज गुप्ता, स्टीव्हन लिन आणि निक मॅकियोन यांची. तिला डीआयआर-२४-८ म्हणतात. हिचा रोख अगदी उलटा आहे: टेबल लहान करण्यापेक्षा मेमरी खुशाल उधळा, पण वाचनं दोनच्या वर जाऊ देऊ नका. पत्त्याचे पहिले २४ बिट थेट क्रमांक म्हणून वापरायचे. म्हणजे १,६७,७७,२१६ जागांचं एक टेबल, जागेला दोन बाइट, एकूण ३२ मेगाबाइट. इंटरनेटवर /२४ पेक्षा लांब नोंदी सहसा कोणी स्वीकारत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा पहिल्याच वाचनात उत्तर मिळतं. आपल्या स्वतःच्या नेटवर्कातल्या लांब नोंदींसाठी २५६ जागांचा एक छोटा तुकडा बाजूला असतो, तिथे दुसरं वाचन. दोन्ही टेबलं वेगळ्या मेमरीत ठेवून कामं एकामागे एक लावली की ५० नॅनोसेकंदांच्या साध्या डीरॅमवर सेकंदाला दोन कोटी शोध निघतात. किंमत मोजावी लागते ती बदलाच्या वेळी: एक /८ ची नोंद बदलली तर ६५,५३६ जागा नव्याने लिहाव्या लागू शकतात. तरी आज तुम्ही सर्व्हरवर डीपीडीके (पॅकेट झटपट हाताळणारं तयार सॉफ्टवेअर) घेऊन राउटर उभा केलात तर त्याच्या आयपीव्ही४ शोधामागे हीच रचना असते.

हार्डवेअरच्या बाजूने टीकॅम आली. साध्या मेमरीला आपण जागा सांगतो आणि ती मजकूर देते. टीकॅमला मजकूर सांगायचा आणि ती जागा देते. तिच्या प्रत्येक बिटला ०, १ आणि ‘काहीही चालेल’ अशा तीन अवस्था असतात. त्यामुळे /८ असो वा /२४, नोंद जशीच्या तशी बसते. सगळ्या ओळी एकाच वेळी तपासल्या जातात आणि सर्वांत वरची जुळणारी ओळ जिंकते. म्हणून लांब नोंदी वर आणि आखूड खाली लावतात. एका फटक्यात उत्तर मिळतं. पण एसरॅमच्या बिटला ६ ट्रान्झिस्टर पुरतात तिथे टीकॅमच्या बिटला साधारण १६ लागतात, आणि प्रत्येक शोधाला अख्खी चिप जागी होत असल्यामुळे ती वीज खाते आणि तापते. परवानगीचे नियम, म्हणजे कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं आणि कुठलं अडवायचं ते, तपासायला, जिथे पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉल सगळं एकदम जुळवायचं असतं, तिथे टीकॅमला अजून तोड नाही. नुसत्या मार्गशोधासाठी मात्र तिच्यावर सगळा भार टाकणं मला परवडणारं वाटत नाही. चिप बनवणाऱ्यांनाही तसंच वाटलेलं दिसतं: ब्रॉडकॉमच्या चिपमध्ये एएलपीएम नावाची सोय असते, तीत छोटी टीकॅम फक्त कुठल्या गठ्ठ्यात पाहायचं ते सांगते आणि खऱ्या नोंदी स्वस्त मेमरीतल्या गठ्ठ्यांत असतात.

टीकॅमचा दुसरा धोका म्हणजे ती भरते. १२ ऑगस्ट २०१४ ला जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट अडखळलं. सिस्कोच्या कॅटलिस्ट ६५०० आणि ७६०० घराण्यातल्या जुन्या, त्या काळी सर्रास वापरात असलेल्या यंत्रांत टीकॅमची मूळ वाटणी आयपीव्ही४ साठी ५१२के, म्हणजे ५,२४,२८८ नोंदी, अशी होती. जागतिक टेबल त्या उंबरठ्यावर आलंच होतं. त्या दिवशी एका मोठ्या अमेरिकी नेटवर्ककडून सुमारे १५,००० जास्तीचे मार्ग थोडा वेळ बाहेर पडले आणि उंबरठा ओलांडला गेला. न मावणाऱ्या मार्गांची पॅकेट हार्डवेअरऐवजी प्रोसेसरकडे वळली आणि प्रोसेसर गुदमरले. उपाय साधा होता, आयपीव्ही६ चा वाटा कमी करून आयपीव्ही४ चा वाढवायचा. पण त्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावं लागायचं, आणि भर दिवसा चालत्या नेटवर्कमध्ये ते कोण करणार?

ब्लूम फिल्टरचाही उल्लेख करायला हवा. बर्टन ब्लूम यांची कल्पना १९७० ची, पण मार्गशोधात ती २००३ मध्ये सारंग धर्मापुरीकर, प्रवीण कृष्णमूर्ती आणि डेव्हिड टेलर यांनी आणली. प्रत्येक लांबीसाठी चिपच्या आत एक फिल्टर. तो ‘नक्की नाही’ किंवा ‘बहुधा आहे’ एवढंच सांगतो. सगळे फिल्टर एकदम विचारायचे आणि ‘बहुधा आहे’ म्हणणाऱ्यांतल्या सर्वांत लांब लांबीसाठीच बाहेरच्या संथ मेमरीत जायचं. नोंदीमागे १० बिट आणि ७ हॅश ठेवले तर फसवा होकार शंभरात एकाहूनही कमी येतो. आणि तो आला तरी उत्तर चुकत नाही, फक्त एक वाचन वाढतं. म्हणूनच इथे अंदाजाने चालणारी रचना निर्धास्तपणे वापरता येते.

आता तुमच्या खरेदीचा प्रश्न. पहिली गोष्ट तपासा ती ही की तुम्हाला पूर्ण टेबल लागतं का. एकाच मोठ्या पुरवठादाराकडून जोडणी असेल तर बाहेर जायचा रस्ता एकच आहे. एक डीफॉल्ट मार्ग (वेगळी नोंद नसलेलं सगळं ज्या वाटेने जातं तो) आणि तुमच्या स्वतःच्या नोंदी पुरतात. त्यासोबत मुंबईच्या एखाद्या इंटरनेट एक्स्चेंजवर (जिथे अनेक नेटवर्क एकमेकांना थेट जोडतात) जोडणी घेतलीत तर तिथून मिळणारे मार्ग तेवढे घ्या, बाकीचं डीफॉल्टवर सोडा. दहा लाख नोंदी मावणारं यंत्र विकायला येणारे बरेच असतात, पण ही चौकशी आधी करणारे कमी भेटतात. दोन वेगवेगळे पुरवठादार असतील आणि कुठली वाहतूक कोणाकडून जावी हे बारकाईने ठरवायचं असेल, तेव्हाच पूर्ण टेबलाला अर्थ येतो.

पूर्ण टेबल लागत असेल आणि एकूण वाहतूक काही दहा गिगाबिटच्या आत असेल, तर चांगल्या सर्व्हरवरचा सॉफ्टवेअर राउटर आज पुरेसा आहे. तिथे अडचण मार्गशोधाची सहसा नसतेच. डीपीडीके पॅकेट एकेक न घेता बत्तीस-बत्तीसच्या घोळक्याने घेतं. एका पॅकेटची नोंद मेमरीतून येईपर्यंत बाकीच्यांच्या मागण्या पुढे गेलेल्या असतात, त्यामुळे मेमरीचा उशीर झाकला जातो. चाचणी मात्र नीट घ्या. एकाच पत्त्यावर पॅकेट मारून काढलेला आकडा कामाचा नाही, कारण ती एक नोंद प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशेत जाऊन बसते आणि सगळंच झकास दिसतं. पूर्ण टेबल भरा, पत्ते टेबलभर विखुरलेले घ्या, पॅकेट ६४ बाइटची ठेवा, आणि चाचणी चालू असतानाच एका पुरवठादाराचं बीजीपी सत्र (ज्यावरून राउटर एकमेकांना मार्ग कळवतात ती जोडणी) तोडून पुन्हा जोडा. लाखो मार्ग एकदम बदलताना पॅकेट किती गळतात, तोच आकडा मी कुठल्याही जाहिरातपत्रकाच्या वर धरतो.

हार्डवेअर राउटर घेणार असाल तर विक्रेत्याकडून नुसता ‘नोंदींची क्षमता’ हा एक आकडा घेऊ नका. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ एकाच वेळी भरल्यावर प्रत्येकी किती मावतात ते लेखी मागा; आयपीव्ही६ ची नोंद बऱ्याच यंत्रांत दुप्पट जागा घेते, आणि त्या टेबलातही आता दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत. वाटणी बदलायला यंत्र बंद करावं लागतं का, टेबल भरल्यावर उरलेल्या मार्गांचं काय होतं, पॅकेट गळतात की प्रोसेसरकडे जातात, आणि परवानगीचे नियम त्याच टीकॅममधून जागा घेतात का, हेही विचारा. यांची उत्तरं यंत्र बनवणाऱ्याच्या तांत्रिक माणसाकडून घ्या. विक्री पाहणाऱ्यांकडे ती बहुधा नसतात.